नागपूर ते दिब्रुगड: नकाशावर किती लांब, आईला घेऊन किती लांब?

मोरपंखी
मंडळी, जरा मदत हवी आहे. माझी धाकटी बहीण वरच्या आसामात दुलियाजानला असते, तिचा नवरा तिथे तेल कंपनीत आहे. डिसेंबरच्या मध्यात तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी ती नागपूरला आली होती. या वेळी डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय, म्हणून आईच तिकडे निघाली आहे. आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, आणि विमानात आजवर दोनदाच बसली आहे, दोन्ही वेळा मुंबईला. मी तिला पोचवून आठवड्याने परतणार.

तिकडचा जवळचा विमानतळ दिब्रुगड (मोहनबारी). नेटवर नागपूर-दिब्रुगड अंतर शोधलं तर एक साइट १,७६६ किमी म्हणते, दुसरी १,७६८, आणि खाली ठळक अक्षरांत "विमानाने २ तास ४२ मिनिटे". मी खूश. पावणेतीन तास म्हणजे नागपूरहून अमरावतीला जाऊन चहा पिण्याइतकं! मग तिकिटाच्या साइटवर गेले. तिथे सगळ्यात वर दिल्लीमार्गे ९ तास २० मिनिटं. त्याखाली मुंबईमार्गे १३ तास. कोलकातामार्गे साडेपाच तासांचा एक पर्याय होता, पण तो बराच खाली दडलेला.

तर हे २ तास ४२ मिनिटं कोणत्या विमानाचे? आणि आईच्या दृष्टीने दिल्ली बरी की कोलकाता? बाबांचं मत आहे, "दिल्लीनंच जा, तिकडनं मोठं विमान मिळते." बाबा रेल्वेत होते. त्यांच्या लेखी जंक्शन जेवढं मोठं तेवढा प्रवास चांगला.

डिंकाचे लाडू जाणारच आहेत. त्यावर चर्चा नको.

तर्रीबाज
ताई, नागपूर देशाच्या मधात आहे म्हणून आपण लहानपणापासून छाती फुगवून राहिलो. झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद आहे, जबलपूर आहे, शिवनी-छिंदवाडा आहे. दिब्रुगड नाही. तेव्हाच समजून घ्यायला पाहिजे होतं. मधात राहण्याचा फायदा एवढाच का कुठंही जायचं म्हटलं तर सारखाच उशीर होते.

बाकी ते २ तास ४२ वालं विमान मले सापडलं तर मी पण बसतो बाप्पा.

कंपास_पेटी
मोरपंखी, त्या साइटवरचं विमान अस्तित्वात नाही. तो नुसता भागाकार आहे.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. सोनेगाव, म्हणजे आपला नागपूरचा विमानतळ, साधारण २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. मोहनबारी २७.४८ उत्तर, ९५.०२ पूर्व. पृथ्वीच्या गोलावर या दोन टिंबांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढला की १,७६६ किमी येतात. पृथ्वी अगदी चेंडू नाही, कमरेत जरा फुगीर आहे. तो फुगवटा हिशेबात धरला की दोनेक किलोमीटर वाढतात, तुमची १,७६८ वाली साइट ती. दोन्ही बरोबर. मग या अंतराला ताशी साधारण ८०० किमीने भागायचं, २ तास १२ मिनिटं. चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास वर टाकायचा. झाले २ तास ४२. त्या साइटला नागपूर ते तुमच्या गच्चीचं अंतर विचारलं तरी ती हाच अर्धा तास लावेल.

पण अंतर घेऊन बसलोच आहे तर खरी गंमत पुढे आहे. रात्री कागद घेऊन मांडलं:

नागपूर-कोलकाता ९८५ किमी, कोलकाता-दिब्रुगड ८५२. एकूण १,८३७. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम ७१ किमी जास्त. नागपूरहून वर्ध्याला जाण्याइतका वळसा!

नागपूर-दिल्ली ८५४ किमी. आणि दिल्ली-दिब्रुगड? १,७६१.

पुन्हा वाचा. दिल्लीहून दिब्रुगड १,७६१ आणि नागपूरहून दिब्रुगड १,७६६. पाच किलोमीटरचा फरक. दिल्लीला गेल्यावर तुम्ही दिब्रुगडच्या तसूभरही जवळ जात नाही. साडेआठशे किलोमीटर उडायचं, दमायचं, आणि जिथे होतो तेवढ्याच अंतरावर नव्याने उभं राहायचं. मुंबईबद्दल तर बोलायलाच नको, तिथे ६८३ किमी उलट दिशेने जायचं.

सुपारी_कातरणारा
हे भारी आहे. मग तिकिटाची साइट दिल्ली वर का दाखवते?

कंपास_पेटी
कारण तिला भूगोल येत नाही, भाव येतो. दिल्लीहून विमानं जास्त, म्हणून जोड्याही जास्त जुळतात, त्यातली एखादी स्वस्त निघते. ती वर येते. 'कमी वेळ' असं निवडून क्रम लावला की कोलकाता वर येईल.

मोरपंखी
कंपास_पेटी, बाबांना पाच किलोमीटरवालं गणित वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "नकाशा चुकला असंल."

दोन_तिकिटांचा_बळी
आयडीवरून कळलंच असेल. ताई, काहीही करा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मी मागच्या वर्षी हुशारी केली. नागपूर-कोलकाता एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, दीड हजार वाचले म्हणून बायकोला ऐकवलंसुद्धा. नागपुरातून विमान तीन तास उशिरा सुटलं. कोलकात्यात धावत काउंटरवर गेलो तर पुढचं विमान उडालेलं, आणि ते म्हणाले तुम्ही वेळेवर आला नाहीत. पहिल्या कंपनीचं म्हणणं, आम्ही तुम्हाला कोलकात्याला पोचवलं की. कायद्याने दोघंही बरोबर! नवीन तिकीट, हॉटेल, रात्रीची टॅक्सी. दीड हजार वाचवायला गेलो आणि चौदा हजारांना पडलं.

एकाच पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानात बसवणं त्यांच्या गळ्यात असतं. शिवाय सामान नागपूरला टाकलं की थेट दिब्रुगडला. मध्ये पट्ट्यापाशी उभं राहणं नाही. गुडघेवाल्या माणसाला हे फार मोठं आहे.

सोनेगावची_सून
वरच्या प्रतिसादाला +१. आणि व्हीलचेअर मागा. लाजू नका. बुकिंग करतानाच टाकायची, निदान दोन दिवस आधी तरी. वेगळे पैसे पडत नाहीत. माझ्या सासूबाई आधी "मी काय अपंग आहे का" म्हणून रुसल्या होत्या, मग कोलकात्याचं लांबच्या लांब टर्मिनल बघितलं आणि येताना स्वतःच विचारलं, "माझी गाडी कुठाय?"

कोलकात्याचा आणखी एक फायदा: देशांतर्गत सगळं एकाच इमारतीत आहे. दिल्लीत तीन वेगवेगळी टर्मिनल, आणि पहिलं विमान एकीकडे नि दुसरं दुसरीकडे निघालं तर बसने जा, परत तपासणी करा.

सोनेगाव_वेधशाळा (निवृत्त)
चांगला धागा. मी हवामान खात्यात होतो, आमचं प्रादेशिक केंद्र इथे सोनेगावला विमानतळाशेजारीच आहे. अंतराचं गणित पेटीवाल्यांनी नीट मांडलंय, पण जमिनीवरचं अंतर आणि हवेतला वेळ यांच्यामध्ये वारा नावाची एक गोष्ट असते.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण २५ ते ३० अक्षांशांच्या पट्ट्यात, बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. इंग्रजीत जेट स्ट्रीम म्हणतात, आपल्याकडे झोतवारा म्हणा. डिसेंबर-जानेवारीत ताशी १५०-२०० किमी वेग नेहमीचा. विमान हवेच्या मानाने ताशी ८५० ने चाललंय असं धरा. पाठीवर १८५ चा वारा असेल तर जमिनीच्या मानाने ते १,०३५ ने धावतं. तेच परतताना तोंडावर वारा आला की ६६५. इंजिन तेच, पायलट तोच. दीड हजार किलोमीटरच्या टप्प्यात जाताना नि येताना पाऊण तासाचा फरक पडतो. दिल्ली-दिब्रुगडचं वेळापत्रक बघा, जाण्याचा नि येण्याचा वेळ वेगळा छापलेला दिसेल. लोकांना वाटतं विमान कंपनीने परतीला आळस केला.

नागपूर या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे नागपूर-कोलकाता टप्प्यात मदत थोडी, कोलकात्याच्या पुढे उत्तरेला वळलं की जास्त. पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे सरकतो, तेव्हा फरक जवळपास मिटतो.

डिसेंबरच्या मध्यात दिल्ली टाळायचं खरं कारण मात्र अंतर नव्हे, धुकं. एका विमानाचा अडकलेला पाय दिवसभराच्या सगळ्या विमानांना ओढतो. कोलकात्यालाही पहाटे धुकं असतं, पण तुम्ही तिथे दुपारी पोचणार.

तर्रीबाज
काका, मंजे येताना ताईला वाऱ्याच्या विरोधात यावं लागन. तिकीट तेवढंच घेते का मग?

सोनेगाव_वेधशाळा (निवृत्त)
तेवढंच. इंधन जास्त जळतं, ते त्यांच्या खिशातून.

कंपास_पेटी
काकांच्या झोतवाऱ्यावरून आठवलं. काल सरळ रेषा नकाशावर ओढून बघितली, कुठून कुठून जाते ते. नागपूरहून ईशान्येपेक्षा किंचित पूर्वेकडे झुकून निघते. छत्तीसगड, झारखंड, मग थोडा बंगाल, बांगलादेशचा दिनाजपूरकडचा भाग, गारो टेकड्या, आणि पुढे गुवाहाटीला जवळपास घासून ब्रह्मपुत्रेच्या काठाकाठाने तेजपूरवरून दिब्रुगड. गुवाहाटी तर इतकी रेषेवर आहे, की नागपूर-गुवाहाटी १,३९३ आणि गुवाहाटी-दिब्रुगड ३७३ यांची बेरीज बरोबर १,७६६ येते. वळसा शून्य.

आणि रेषेचा बरोब्बर मध्य, ८८३ किलोमीटरवर, कुठे पडतो? देवघरजवळ. बैद्यनाथधाम. थोडेथोडके नव्हेत, साक्षात ज्योतिर्लिंग निम्म्या वाटेवर!

परळीकर
एक मिनिट. ज्योतिर्लिंग परळीला आहे. "परल्यां वैद्यनाथं च". देवघरचं मंदिर मोठं आहे, नाही म्हणत नाही, पण ज्योतिर्लिंग आमचं.

सुपारी_कातरणारा
झालं सुरू.

परळीकर
सुरू काय झालं? स्तोत्रात स्पष्ट आहे.

कंपास_पेटी
परळीकर, तिकडचे लोक "वैद्यनाथं चिताभूमौ" म्हणतात आणि चिताभूमी म्हणजे देवघर असं सांगतात. मला वादात पडायचं नाही. परळी या रेषेच्या उलट दिशेला आहे, एवढाच माझा मुद्दा. देवघरला २०२२ पासून विमानतळसुद्धा आहे.

परळीकर
विमानतळाने ज्योतिर्लिंग ठरतं का?

संपादक
ज्योतिर्लिंगाचा विषय वेगळ्या धाग्यावर न्यावा. इथे विमानप्रवासावर बोलूया.

चहाचा_मळा
उशिरा बघितला धागा. अकरा वर्षं वरच्या आसामात आहे, मूळचा हिंगणघाटचा. मोहनबारी अगदी सुटसुटीत विमानतळ आहे, उतरून बाहेर यायला फार चालावं लागत नाही. दुलियाजान गाडीने तासभर ते सव्वा तास, दोन्ही बाजूंना चहाचे मळे. आईंना घाटबिट काही लागणार नाही, सगळा सपाट मुलूख.

तुम्हाला कोणी सांगितलं नसेल ते सांगतो. इथे सूर्य लवकर उगवतो आणि फार लवकर मावळतो. दिब्रुगड नागपूरपेक्षा १६ अंश पूर्वेला. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तासाभराहून थोडा आधी. पण घड्याळ देशभर एकच. डिसेंबरात साडेचारच्या आधी सूर्यास्त होतो! मळ्यांमध्ये इंग्रजांच्या काळापासून 'बागान टाइम' चालतो, भारतीय वेळेपेक्षा एक तास पुढे, म्हणजे मजुरांना उजेडात काम मिळावं. माझ्या घरात पहिलं वर्षभर यावरून भांडणं झाली. सहाचं जेवण म्हणजे कोणत्या सहाचं?

म्हणून विमान असं घ्या, की दिब्रुगडला तीनपर्यंत उतराल. पाचला उतरलात तर मिट्ट अंधारात मळ्यांतून जाल आणि आई म्हणतील, कुठे आणून टाकलं.

आणि कोलकाता-दिब्रुगड डावीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर भूतान-अरुणाचलचा हिमालय तासभर सोबत राहतो. उतरताना ब्रह्मपुत्राही त्याच बाजूला. बोगीबीलचा पूल दिसला तर दाखवा, पावणेपाच-पाच किलोमीटरचा आहे, वर रस्ता, खाली रेल्वे. तुमच्या बाबांना आवडेल, रेल्वेतले ना ते.

मोरपंखी
हे 'बागान टाइम' बहिणीने सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं! आता कळलं, ती संध्याकाळी सात वाजता फोन केला की जांभया का देते. मी उगाच रागवायचे.

रेल्वेचं म्हणाल तर बाबांनी तोही पर्याय पुढे केला होता. गीतांजलीने हावडा आणि तिथून पुढे बदलून. हावड्यापर्यंतच सतरा-अठरा तास आणि मग पुढे आणखी सगळा दिवस नि रात्र. आईने एका वाक्यात निकाल लावला, "मला बाळंतपण करायचंय, बारशाला नाही पोचायचं."

सुपारी_कातरणारा
गाडी एवढी फिरून का जाते पण? सरळ रेषा तर छान दिसतेय.

कंपास_पेटी
सरळ रेषा बांगलादेशातून जाते म्हणून. विमानाला वरून परवानगी घेऊन जाता येतं, रूळ-रस्त्याला नाही. त्यांना वर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतूनच घुसावं लागतं, जी सगळ्यात अरुंद ठिकाणी वीस-बावीस किलोमीटर आहे. सगळा ईशान्य भारत त्या बोळातून ये-जा करतो. रस्त्याचं अंतर आणि हवेतलं अंतर यांत इतकी तफावत पडण्याचं कारण तेच.

वर्धारोडकर
मला वेगळाच प्रश्न पडतो. नागपूर मध्यावर, धावपट्टी ३,२०० मीटर लांब, मेट्रो विमानतळाच्या दारात, आणि तरी इथून कुठेही जायचं तर आधी दिल्ली-मुंबईचे पाय धरा. 'उडान' योजना आली, छोटी शहरं जोडू म्हणाले. मग नागपूर-दिब्रुगड का नाही?

कंपास_पेटी
'उडान'चा मूळ विचार तासाभराच्या, पाचएकशे किलोमीटरच्या उड्डाणांचा होता. त्यातली निम्मी तिकिटं २,५०० रुपयांत आणि तोटा सरकार भरणार. तिथे चालतात ती एटीआरसारखी पंख्याची विमानं. ती ताशी पाचशेने जातात. १,७६६ किलोमीटरला चार तास लागतील, आणि पूर्ण भरून ती इतक्या लांब जाऊही शकत नाहीत, पंधराशेच्या आसपास त्यांचा दम संपतो. मग उरलं १८० आसनांचं जेट. नागपुरातून दिब्रुगडला जाणारी १८० माणसं रोज कुठून आणायची? मोरपंखी, आई आणि डिंकाचे लाडू, झाले तीन.

टपालवाल्यांचा_नातू
वर्धारोडकर, एके काळी सगळा देश नागपूरमार्गेच जायचा, तेही रात्री. आजोबा टपाल खात्यात होते, त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होतो असं वाटतं.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान सुटायचं आणि मध्यरात्रीनंतर सगळी सोनेगावला जमायची. इथे थैल्यांची अदलाबदल. मद्रासची दिल्लीत, दिल्लीची मुंबईत, कलकत्त्याची मद्रासच्या विमानात. तास-दोन तासांत चारही विमानं आपापल्या घरी परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! थोडे प्रवासीही असायचे, डोळे चोळत एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढणारे. आजोबा म्हणायचे, थंडीत थैल्या फेकताना तोंडातून वाफा निघायच्या आणि कॅन्टीनवाला रात्री दोनला गरम भजी तळायचा. डाकोटा विमानांची घरघर ऐकून आमची आजी सांगायची, आज मद्रास लेट आहे.

मध्यावर असण्याचा तेव्हा उपयोग होता, कारण विमानं छोटी होती, दम कमी होता. पुढे जेट आली, दिल्ली-मद्रास एका उडीत जायला लागली आणि मध्ये थांबायचं कारणच संपलं. आता नागपूरवरून शेकडो विमानं जातात, फक्त वरून.

सोनेगाव_वेधशाळा (निवृत्त)
नातू, काय आठवण काढलीत. वरून जाणाऱ्यांपैकी अडचणीत आलेले मात्र अजून आपल्याकडेच उतरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला चाललेल्या विमानाच्या कॅप्टनला हवेतच हृदयविकाराचा झटका आला, सहवैमानिकाने विमान सोनेगावला सुखरूप उतरवलं. प्रवासी वाचले, कॅप्टन पुढे इथल्याच रुग्णालयात वारले.

वर्धारोडकर
म्हणजे झटका आला तरच थेट विमान. चांगलं आहे.

मोरपंखी
तिकीट काढलं. कोलकातामार्गे, एकच पीएनआर, व्हीलचेअर, डावी खिडकी. मध्ये दोन तास. जाऊन आले की लिहिते.

सोनेगावची_सून
अवांतर: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. विमानात चालत नाहीत, तेलामुळे आपोआप तापून पेट घेण्याचा धोका धरतात. लाडवात किसून घातलंय ते वेगळं. आणि मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत नको, खालच्या सामानात टाका.

मोरपंखी
परत आले. उशीर झाला, पण वेळा लिहून ठेवल्या होत्या, खास कंपास_पेटींसाठी.

घर सोडलं ७:४०. विमान जमिनीवरून उचललं १०:०४ ला, कोलकात्याला टेकलं ११:२५. हवेत १ तास २१ मिनिटं. कोलकात्यातून १:५१ ला उडालो, मोहनबारीला २:५८. १ तास ७ मिनिटं. दोन्ही मिळून हवेत २ तास २८. म्हणजे त्या साइटच्या काल्पनिक विमानापेक्षाही १४ मिनिटं कमी! वळसा घेऊन, मध्ये एकदा उतरून! वेधशाळा काका, तुमच्या वाऱ्याला नमस्कार. परतीला तोच प्रवास हवेत २ तास ५८ मिनिटं झाला.

पण दुलियाजानच्या दारात पाय ठेवला तेव्हा ४:५० झाले होते. घरून घरी ९ तास १० मिनिटं, त्यातले अडीच तास हवेत. उरलेला वेळ रांगा, खुर्च्या, पट्ट्यापाशी उभं राहणं आणि आईचं "आपली बॅग आली नसेल तर?" एकाच पीएनआरवर असूनही कोलकात्यात दोन तास ती बॅगेच्याच काळजीत होती. समोरून कोणाचीही निळी बॅग गेली की, "ती आपली नाही ना गं?"

व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हती. मग ढकलणारा मुलगा बंगाली निघाला, तो "मासीमा" म्हणाला, आणि ही बसली. त्याला बंगाली नि हिंदी, हिला मराठी नि नागपुरी हिंदी, पण गेटपर्यंत दोघांनी एकमेकांची कुळं काढली होती. त्याला एक लाडू मिळाला.

हिमालय दिसला. आधी आईला ते ढगच वाटले. थोड्या वेळाने म्हणाली, "हे ढग हलत का नाहीत?" मी सांगितलं तेव्हा चष्मा पुसून बघत राहिली, विमान खाली येईपर्यंत एक शब्द नाही. बोगीबील दिसला की नाही माहीत नाही, एक लांब पांढरी रेघ दिसली, मी बाबांना पूल म्हणूनच सांगितलं.

पोचलो तेव्हा अंधार पडून गेला होता. चहाचा_मळा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी घाबरले असते. आईने दारातच विचारलं, "किती वाजले? एवढा उशीर झाला?" आता ती तिथलीच झाली आहे, रोज पाचला फोन करून सांगते, "आमचा देवापुढचा दिवा लावून झाला. तुमचा?" आमच्याकडे तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन असतं.

मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

चहाचा_मळा
अभिनंदन! तुमच्या लाडवांपैकी काही माझ्यापर्यंत पोचले असते तर धागा सुफळ झाला असता.

परळीकर
अभिनंदन ताई. वैजनाथाची कृपा. (परळीच्या.)

तर्रीबाज
हाबिनंदन! पोरगी नागपूरची का दिब्रुगडची?

मोरपंखी
पाच किलोमीटरच्या फरकाने दिल्लीची नाही, एवढं नक्की.

आणि आता ऐका. बाबा जानेवारीत नात बघायला चाललेत. आज सकाळी स्वतःच मोबाइलवर तिकीट काढलं, मला न विचारता. दिल्लीमार्गे. मी म्हटलं, अहो बाबा, तेवढं सगळं वाचून दाखवलं होतं ना. तर म्हणाले, "तुझ्या आईनं कोलकाता पाहून घेतलं. मी दिल्ली पाहून घेतो. आणि तिकडनं विमान मोठं असते."

कंपास_पेटी
दोन्हीकडून तेच १८० आसनांचं विमान असतं हो...

सोनेगाव_वेधशाळा (निवृत्त)
जानेवारी, सकाळचं दिल्ली. स्वेटर, कानटोपी आणि एक जाड पुस्तक सोबत द्या. दोन दिली तरी चालतील.